रीलोडिंगच्या बाकावरची घरगुती साधनं: प्रकल्प नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

ओहायोच्या थंडीत एप्रिलपर्यंत नेमबाजीच्या मैदानी रेंजवर फारसं जाणं होत नाही. या मोकळ्या महिन्यांत रीलोडिंगच्या, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याच्या, बाकाभोवतीची साधनं घरीच करून घ्यायची, असं ठरवलं आहे. मी .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर झाडते, क्लबातल्या लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी. गोळी १४८ ग्रेनची (साधारण साडेनऊ ग्रॅमची) वॉडकटर. ही चपट्या तोंडाची गोळी कागदावर पंचने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत. दुकानात ही काडतुसं महाग असतात आणि पुष्कळदा मिळतही नाहीत. म्हणून रीलोडिंग.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसणारा, ठोका बसताच ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडावर बसवलेली गोळी. झाडल्यावर मागे उरते ती फक्त पुंगळी. चारांपैकी सर्वांत जास्त घडणावळ तिचीच असते, आणि नीट सांभाळली तर ती पुन्हा पुन्हा भरता येते.

काय घरी करायचं आणि काय नाही, याची रेघ आधीच ओढून ठेवते. बिघडलं तर फक्त वेळ किंवा लाकूड वाया जाईल, असं साधन घरी. ज्याची चूक काडतुसाच्या आत लपून राहील आणि झाडतानाच कळेल, ते विकत. म्हणजे डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), शेलहोल्डर (पुंगळी बुडाशी धरणारा तुकडा), वजनकाटा, दारूचं माप आणि प्रायमर बसवायचं अवजार यांना मी हात लावणार नाही. ठोकळे, दिवा, काट्याची फळी, चाळण, वाळवण आणि दारू ठेवायची पेटी मी करणार.

कायद्याचंही इथेच लिहून ठेवते, कारण ओळखीतले मराठी लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. पण एच-१बी, एफ-१ किंवा एल-१ सारख्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद सोडले, तर बंदूक आणि दारूगोळा दोन्ही जवळ बाळगणं हा संघीय गुन्हा आहे. एखादं सुटं काडतूससुद्धा त्यात आलं. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबले. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. तिथे परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा कोल्हापूर-पुण्याच्या वाचकांनी या नोंदी वाचाव्यात, अनुकरण करू नये.

रविवार, १९ जानेवारी

आज लोडिंग ब्लॉक. मराठीत ठोकळाच म्हणू. पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा, प्रत्येक भोकात एक पुंगळी. दिसायला अगदी किरकोळ वस्तू, पण माझ्या मते सगळ्या बाकावरचं सर्वांत मोलाचं सुरक्षा साधन हेच आहे. त्याचं कारण .३८ स्पेशलच्या जन्मात आहे.

हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं, काळ्या दारूच्या उतरत्या काळात. काळी दारू जागा फार घेते, म्हणून पुंगळी लांब ठेवली: १.१५५ इंच, म्हणजे २९.३ मिमी. आजची धूरविरहित दारू तेवढंच काम चिमूटभर मापात करते. परिणामी पुंगळी बरीचशी रिकामी राहते, आणि चुकून दोनदा दारू पडली तरी ती काठापर्यंतही येत नाही. .२२३ सारख्या रायफलच्या काडतुसात दुप्पट माप ओतलं तर दारू बाहेर सांडते आणि चूक तिथल्या तिथे कळते. .३८ ती सोय देत नाही. दुप्पट दारूने रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुटू शकतं. उलट एखादी पुंगळी दारूविना राहिली, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते आणि तिच्यामागे पुढची झाडली की नळी जाते.

या दोन्ही चुकांवर उपाय एकच. पन्नास पुंगळ्या एका पातळीत, एका उजेडात, एकाच वेळी डोळ्यांखाली आल्या पाहिजेत.

मापं अशी. .३८च्या पुंगळीची कड ०.४४० इंच, म्हणजे ११.१८ मिमी. भोक १२ मिमीचं, फोर्स्टनर बिटने. साध्या ड्रिलने भोकाचा तळ निमुळता येतो आणि पुंगळी डुगडुगते. फोर्स्टनरने तळ सपाट येतो. खोली १० मिमी. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर पाऊण इंच, कारण बोटं मध्ये शिरली पाहिजेत. पाच ओळी, दहा रकाने. लाकूड मेपलचं, १९ मिमी जाडीचं, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या नूतनीकरणातून उरलेलं. पाइनपेक्षा मेपल बरं: धागा घट्ट असल्याने भोकाच्या कडा फाटत नाहीत आणि ठोकळा जड होतो. जड ठोकळा हाताच्या धक्क्याने सरकत नाही, आणि दारू भरलेल्या पन्नास उघड्या पुंगळ्या समोर असताना तेच हवं असतं.

आखणी गुण्या लावून केली, प्रत्येक छेदावर पंचने खूण पाडली, ड्रिल प्रेसला खोलीची अडण लावली आणि मागे एक पट्टी क्लॅम्पने बसवली. एक ओळ झाली की पट्टी पाऊण इंच मागे. काम संथ पण सुखाचं. भोकांच्या कडा काउंटरसिंकने हलक्या तासल्या, पॉलिश पेपर फिरवला, शेलॅकचे दोन हात दिले.

पैसे न घालता ठोकळा हवा असेल, तर नव्या काडतुसांच्या डब्यात पन्नास खणांचा प्लास्टिकचा ट्रे येतो, तो चालतो. पण तो हलका असतो, आणि इथल्या कोरड्या हिवाळ्यात त्यात स्थितिक वीज इतकी साठते की दारूचे कण काठाला चिकटून बसतात.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुसरा ठोकळा तयार. दोन का? एकातून दुसऱ्यात जाणं हीच नोंद. डाव्या ठोकळ्याच्या कडेला लाल रंग, उजव्याच्या कडेला हिरवा. प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या लाल ठोकळ्यात तोंड खाली करून उभ्या राहतात. तोंड खाली असलेल्या पुंगळीत दारू असूच शकत नाही. शिवाय पन्नासही प्रायमर वर दिसतात: एखादा उंच बसला असेल तर त्यावरून बोट फिरवताच जाणवतो. मग एकेक पुंगळी उचलायची, उलटायची, मापाखाली धरायची, हिरव्या ठोकळ्यात तोंड वर करून ठेवायची. मध्ये दाराची घंटा वाजली, मुलीने हाक मारली, तरी परत आल्यावर कुठवर आलो होतो हे आठवावं लागत नाही. ठोकळेच सांगतात.

ही रीत क्लबातल्या एका आजोबांनी दाखवली. आयुष्यभर ते टूल-अँड-डाय कारखान्यात होते. स्मरणशक्तीवर अवलंबून असलेली पद्धत ही पद्धतच नव्हे, असं ते म्हणतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

रविवार, २ फेब्रुवारी

दिवा आणि काडी.

दिवा सोपा. यूएसबीवर चालणारी, वर सिलिकॉनचं आवरण असलेली पांढरी एलईडी पट्टी, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून ठोकळ्यांच्या बरोबर वर. उजेड सरळ वरून पडला पाहिजे. तिरका पडला की पुंगळीची भिंतच आत सावली टाकते आणि तळ काळा दिसतो. जोडण्या सगळ्या बंद खोबणीत, ॲडॉप्टर बाकापासून दूर भिंतीवर. उघडा वायरजोड दारूच्या आसपास मी ठेवत नाही.

काडी म्हणजे ५/१६ इंचाचा, जवळपास ८ मिमीचा लाकडी डॉवेल, वीतभर लांब. .३८च्या पुंगळीत तो सैलसर जातो. रिकाम्या पुंगळीत तळाला टेकवून काठाशी पहिली रेघ ओढली. मग हातपुस्तिकेतलं माप काट्यावर तोलून एका पुंगळीत घातलं, काडी अलगद टेकवली, दुसरी रेघ, हिरवी. दुप्पट मापाची रेघ लाल. दारू भरलेल्या ओळीतून ही काडी फिरवली की हिरवी रेघ दिसते की लाल, एवढाच प्रश्न. काडीवर जोर द्यायचा नाही, कारण भुसभुशीत दारू दबते आणि रेघ फसवते. आणि दारू बदलली की काडी नवी. जुनीवर नवी रेघ ओढायची नाही. हे वजन करण्याला पर्याय नाही. वजन काट्यावरच होतं. काडी फक्त रिकामं आणि दुप्पट पकडते.

दारू किती घालायची, हे या नोंदींत कुठेही लिहिणार नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू हातपुस्तिकेतच पाहावं, आणि तिथेही सुरुवातीच्या मापापासून.

शनिवार, १५ फेब्रुवारी

माझ्याकडे दांडीचा तराजू आहे, चुंबकाने हेलकावे शांत होणारा. डिजिटल काटे भराभर वाचता येतात, पण गराजमधल्या थंडी-गरमीत त्यांचा शून्य सरकतो. दांडीच्या काट्याचे शत्रू दोनच: वारा आणि वाकून पाहण्याची सवय. टेबलावर ठेवलेल्या काट्याचा काटा वरून पाहिला की रेघ सरकलेली दिसते.

म्हणून आज फळी केली. भिंतीतल्या उभ्या लाकडांवर, इथे ती सोळा इंचांवर असतात, दोन ब्रॅकेट, त्यावर पाऊण इंची प्लायवुड, बरोबर बसल्यावरच्या डोळ्यांच्या उंचीला. पुढच्या दोन कोपऱ्यांत तळातून लेव्हलिंगचे स्क्रू, पाणसळ लावून पातळी साधायला. तीन बाजूंना जुन्या फोटोफ्रेमच्या काचा खाचेत उभ्या, म्हणजे हीटरचा झोत पारड्यावर येत नाही. दांडी आता खरंच शांत उभी राहते. एवढ्याशा फळीने काट्याची किंमत वाढल्यासारखं वाटतं.

तपासणीची वजनं मात्र विकत आणली, प्रमाणित. अमेरिकेचं पाच सेंटचं नवं कोरं नाणं ५ ग्रॅम भरतं, म्हणजे ७७.१६ ग्रेन (एक ग्रॅम १५.४३ ग्रेन). काटा आजही तेच सांगतो का जे काल सांगत होता, हे पाहायला ते उत्तम. पण नाणं झिजतं आणि टांकसाळीलाही थोडी सूट असते. काटा खरा की खोटा, याचा निवाडा नाण्यावर सोपवणार नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

छोटी कामं. जुना प्रायमर काढताना तो प्रेसच्या, म्हणजे पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या यंत्राच्या, बाजूने उडून जमिनीवर जातो. डिटर्जंटची बाटली तिरकी कापून, दोन चुंबकांनी प्रेसच्या रॅमभोवती (वर-खाली होणाऱ्या दांड्याभोवती) बसवली. आता सगळे बाटलीत. जमिनीवरचे जुने प्रायमर म्हणजे नुसता कचरा नव्हे. त्यांच्या राखेत शिसं असतं. प्रायमरमधलं स्फोटक बहुतेक वेळा लेड स्टिफनेट असतं.

दारूच्या मापाचं प्लास्टिकचं नळकांडं भांड्यांच्या साबणाने धुऊन, न पुसता हवेवर वाळवलं. कापडाने पुसलं की स्थितिक वीज वाढते. नळकांड्याला एक पाटी अडकवली आहे. आत कोणती दारू आहे ते तिच्यावर. बाकावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपलं की उरलेली दारू त्याच मूळ डब्यात परत. पाटी रिकामी म्हणजे नळकांडं रिकामं.

नव्या प्रायमरसाठी काहीही बनवलेलं नाही आणि बनवणारही नाही. ते कंपनीच्या खणांच्या पाकिटातच राहतात. काचेच्या बरणीत एकत्र ओतलेले प्रायमर म्हणजे एकाने पेट घेतला की सगळे.

शनिवार, ८ मार्च

दारूची पेटी. यावर नव्या लोकांचा गैरसमज असतो, म्हणून सविस्तर.

पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते ती अशी: धोकादायक वस्तू आहे, तर जाड लोखंडी तिजोरीत बंद करू. हेच करायचं नाही. धूरविरहित दारू मोकळ्यात पेटली तर भडभड जळते. बंदिस्त जागेत जळली तर दाब साठत जातो, आणि तिजोरी जेवढी मजबूत तेवढा शेवटचा स्फोट मोठा. त्यामुळे पेटी अशी हवी की बाहेरची आग आत पोचायला वेळ लागेल, पण आतला दाब वाढला तर ती सहज उकलेल. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या मानकातही हेच तत्त्व आहे. घरात वीस पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यांत ठेवता येते. त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंत ठेवायची तर किमान एक इंच नाममात्र जाडीच्या लाकडी पेटीत. प्रायमरची घरगुती मर्यादा दहा हजार. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, ते वेगळे पाहावेत.

माझ्याकडे जेमतेम दोन-तीन पौंड असतात, म्हणजे पेटी सक्तीची नाही. तरी केली, कारण घरात मूल आहे आणि गराजमध्ये गाडी आहे. एक इंची पाइन (रंधून आल्यावर प्रत्यक्षात पाऊण इंच), कोपऱ्यांना साधे जोड, पाठीला पातळ प्लाय थोड्याच बारीक खिळ्यांवर ठोकलेला. दाब आला तर आधी पाठ सुटावी. दाराला लहान कुलूप, मुलीसाठी. आत दोनच कप्पे. प्रायमर या पेटीत नाहीत. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटात. वॉटर हीटरची ज्योत तळघरात असते, म्हणून पेटीला तळघर वर्ज्य.

बाहेरून ठळक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं आहे की आत काय आहे. आग लागली तर पाटी अग्निशमन दलाने वाचायची आहे.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढीचा तांब्या चिंच लावून लखलखीत केला. दुपारी रेंजवरून आणलेल्या काळवंडलेल्या पुंगळ्यांकडे वळले.

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. हलक्या आम्लाने ते उजळतं. चिंचही चालली असती, पण चिंचेत किती आम्ल आहे ते मोजता येत नाही. म्हणून लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड: चार लिटर गरम पाण्याला एक टेबलस्पून, आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब. दहा-पंधरा मिनिटं ढवळायचं, मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून घ्यायचं. जास्त वेळ बुडवून ठेवलं तर जस्त निघून जातं आणि पितळावर गुलाबी झाक येते. ती दिसली की पुंगळी बाद.

अमोनिया असलेलं काहीही पितळाला लावायचं नाही. याची गोष्ट आपल्याच पावसाळ्याची आहे. ब्रिटिश फौजेच्या भारतातल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात, न वापरताच, तडकू लागल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला 'ऋतूतले तडे' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. दारूगोळा पावसापासून वाचवायला तबेल्यांत ठेवत, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळापर्यंत पोचे. पुंगळी ओढून लांबवताना धातूत जो ताण राहून गेलेला असतो, त्या ताणाच्या जागी अमोनिया पितळ पोखरतो. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये हे कारण उलगडून दाखवलं. ताण घालवायला पुंगळीला बेताची उष्णता देतात. बाजारात पितळ चमकवायची काही द्रावणं अमोनियाची असतात. देव्हाऱ्यातल्या समईला ती चालतील, पुंगळीला नाही.

कोरड्या पॉलिशची वाटही आहे: थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या कवचाचा भरडा घालून पुंगळ्या फिरवायच्या. हा भरडा पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात पसरायला विकतात, तिथे तो रीलोडिंगच्या दुकानापेक्षा स्वस्त मिळतो. पण कोरड्यात शिशाची धूळ उडते. गराजचं दार थेट स्वयंपाकघरात उघडत असेल, तर धुलाईच बरी.

या कामाची बादली, चमचा, चाळण, टॉवेल सगळं वेगळं, लाल खूण केलेलं. त्यातलं काहीही घरात परत जात नाही. गुढीचा तांब्या आणि या पुंगळ्या दोन्ही पितळेचीच, पण दोन्हींचं पाणी एकमेकांना लागणार नाही. धुवणाचं पाणी परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याजवळही जात नाही. ते बंद डब्यात साठवून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनात देते. काम संपलं की हात साबणाने, गार पाण्यात. बाकावर चहा नाही. ही अट पाहुण्यांनाही लागू आहे, आणि नवऱ्यालाही.

शनिवार, १२ एप्रिल

चाळण: एक डॉलरच्या दुकानातल्या दोन सारख्या प्लास्टिकच्या चाळण्या, तोंडाला तोंड लावून, क्लिपांनी जोडलेल्या. आत ओल्या पुंगळ्या, बादलीवर धरून गरागरा फिरवायचं. पाणी आणि काजळी खाली, पुंगळ्या आत. याच साधनाची तयार आवृत्ती किती किमतीला मिळते ते पाहिलं, आणि समाधान वाटलं.

वाळवण: उरलेल्या फळीवर दोन इंची खिळ्यांच्या ओळी. प्रत्येक खिळ्यावर एक पुंगळी, तोंड खाली. खिळ्यांचं टोक पुंगळीच्या आतल्या बुडाला टेकतं, त्यामुळे काठ फळीपासून वर राहतो आणि पाणी निथळतं. उन्हात दुपारभर. ओव्हनमध्ये नाही, ओव्हन पोळ्या-भाकऱ्यांच्या घरातला आहे.

या कामात असताना जाणवतं की हा सगळा छंदच घरगुती कार्यशाळांतून उभा राहिला आहे. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये, युद्धात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा, .२२च्या वापरलेल्या पुंगळ्यांचं पितळ गोळीचं आवरण म्हणून दाबून बसवायच्या डाय केल्या. त्या डायच्या नावातून आरसीबीएस ही कंपनी आली. रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये घरच्या कार्यशाळेत हातोडीने ठोकून काडतूस भरायचा साधा संच केला. आज माझ्या बाकावरचा प्रेस त्यांच्याच कंपनीचा आहे. फेकून द्यायच्या वस्तूतून उपयोगाची वस्तू काढणं हा या कामाचा मूळ स्वभाव आहे, आणि मला तो फार आवडतो.

रविवार, २७ एप्रिल

पहिली पूर्ण खेप सगळ्या नव्या साधनांवर. लाल ठोकळा, प्रायमरवरून बोट, माप, हिरवा ठोकळा, काडी, दर दहावी पुंगळी काट्यावर. मग दिवा लावून सगळ्या पन्नास एकदम पाहायच्या, गोळी बसवण्याआधी. दारूची पातळी पन्नास ठिकाणी सारखी दिसली की मनाला जी स्वस्थता येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

डब्यावर चिठ्ठी: तारीख, पुंगळीची ही कितवी खेप, दारूचं नाव आणि लॉट, माप, प्रायमर, गोळी, काडतुसाची एकूण लांबी. चिठ्ठी नसलेला डबा झाडायचा नाही, आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूसही नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

रात्री कोल्हापूरहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल. त्याला ठोकळे दाखवले.

"ताई, राही सरनोबतच्या गोळ्या पण अशाच घरी भरत्यात व्हय गं?"

"नाही रे. तिची पंचवीस मीटरची पिस्तूल .२२ची असते. .२२ला वेगळा प्रायमर नसतो, मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा पिन पडली की ती कड चेपली, पुंगळी संपली."

"आणि आपल्या स्वप्नील कुसाळेची रायफल?"

"ती पण .२२च. कांबळवाडीचा पोरगा पॅरिसला पदक घेऊन आला, ते कारखान्यातल्या गोळ्यांवर. हे नेमबाज काय करतात, कारखान्यात जाऊन स्वतःच्या बंदुकीतून वेगवेगळे लॉट झाडून बघतात. जो लॉट सर्वांत जवळजवळ पडतो तोच घेतात."

"म्हणजे तिथं निवड, आणि तुझ्याकडं घडण."

तो शाळेत चित्रकला शिकवतो. बोलणं त्याचं असंच असतं.

शनिवार, १० मे

रेंजवर गेले. पंचवीस यार्डांवर दोन्ही हातांनी, टेबलाला टेकून, खेप झाडून पाहिली. आवाज एकसारखा, धक्का एकसारखा. पुंगळ्या सिलिंडरमधून बोटाने सहज निघाल्या; दाब जास्त असता तर त्या अडकल्या असत्या. प्रायमरच्या कडा गोल राहिल्या आहेत, चपट्या झालेल्या नाहीत. लक्ष्यावरची भोकं एकमेकांना चिकटून आहेत. लक्ष्याचे कागद वहीत लावले.

तीन पुंगळ्यांच्या तोंडाला उभी बारीक चीर आली आहे. हे वयाचं लक्षण. वरचेवर फाकवून आणि दाबून पितळ तिथे कडक होतं. त्या पकडीने चेपून भंगाराच्या डब्यात टाकल्या, म्हणजे पुन्हा ठोकळ्यात येणार नाहीत.

आजोबांनी ठोकळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, भोकात नख घालून तळ तपासला आणि विचारलं की .२२३साठी करून देशील का, त्यांच्या नातवाला. करणार. .२२३च्या पुंगळीची कड ०.३७८ इंच आहे. इथे घरोघरी असलेला ३/८ चा बिट ०.३७५ इंचाचा, म्हणजे केसभर लहान. पुंगळी बसते, पण घट्ट, आणि उचलताना ठोकळाच हिसकतो. २५/६४ चा बिट लागेल, तो उद्या आणायचा आहे. त्याचा तळ सपाट नसेल, तेव्हा भोकं आरपार पाडून खाली पातळ प्लाय चिकटवेन. लाकूड अक्रोडाचं आहे, मेपल संपलं.